मानसशास्त्राचे उच्च शिक्षण आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मोताळा येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. विषय मात्र आमच्यावर सोपविला. तो आम्ही असा निवडला आहे की, तो ऐकून पुढच्या रांगेतील काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही. मानसशास्त्राच्या एम्. ए. ला प्रवेश कसा मिळतो, तेथे काय शिकावे लागते आणि त्यासाठी घरच्यांनी कोणती तयारी ठेवावी, हे आम्ही सांगणार आहो. आम्ही स्वतः जुन्या अकरावीचे मॅट्रिक. त्यानंतर डी. एड्. करून जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना शिकविण्यात आमची सारी नोकरी गेली. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही कधी चढलो नाही. तेव्हा हा उपद्व्याप आम्ही का करावा, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर एवढेच की, या वाटेवर आमच्या हातून एका मुलीचे नुकसान झाले आहे, आणि ते कोठे व कसे झाले हे आता आम्हांस पक्के ठाऊक आहे.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलढाणा जिल्हा होता, हे आपणांस स्मरत असेल. ती मदत का जाहीर करावी लागली, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. त्यानंतरच्याच वर्षी आमच्या पाचवीच्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांनी जीव दिला. तेरवी झाल्यावर मुलगा शाळेत येऊ लागला. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देईना. हजेरी घेताना 'हजर' म्हणेना. आम्ही आठ दिवस पाहिले, पंधरा दिवस पाहिले. मग एके दिवशी, हा हटवादीपणा आहे असे समजून आम्ही त्याच्या हातावर छडी मारली. त्याने हात मागे घेतला नाही, रडला नाही, आणि बोललाही नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत आली. आमच्यावर रागावेल असे वाटले होते, ती म्हातारी हात जोडून म्हणाली, "गुरुजी, लेकरू घरातबी बोलत नाही जी."

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या त्याच वर्गात होती. त्या रात्री जेवताना ती आम्हांस म्हणाली, "मोठेबाबा, तो मुद्दाम गप्प बसत नाही. त्याला बोलताच येत नाही." दहा वर्षांच्या मुलीला जे दिसले, ते शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर पाठ करून उत्तीर्ण झालेल्या आम्हांस दिसले नाही. त्या मुलाला कोठे न्यावे, कोणास दाखवावे, हे तालुक्यात आम्हांस कोणी सांगू शकले नाही. पुढे काही महिन्यांनी तो आपला आपण बोलू लागला, पण त्याचे ते वर्ष गेले. आमच्या पुतणीच्या मनात मात्र त्या दिवसापासून हा विषय बसला.

आता विषयाकडे वळतो. मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचे शास्त्र, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः मन, वर्तन, बुद्धी, स्मृती, भावना यांचा पद्धतशीर अभ्यास करणारे ते शास्त्र आहे. जर्मनीतील लाइप्झिग येथे वुंट यांनी १८७९ साली त्याची प्रयोगशाळा काढली. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग उघडला. तोपर्यंत, आणि त्यानंतरही कित्येक ठिकाणी, हा विषय तत्त्वज्ञानाच्या पंखाखालीच शिकविला जाई. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचा विभाग १९५० सालचा. त्याचे नाव आरंभी प्रायोगिक मानसशास्त्र विभाग असे होते आणि प्रा. वि. कृ. कोठूरकर हे त्याचे प्रमुख होते. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ साली निघाला. म्हणजे आपल्या भाषेच्या मुलुखात हे शिक्षण काही कालपरवाचे नव्हे. आपल्या घरांपर्यंत ते उशिरा पोचले, इतकेच.

दुसरा घोटाळा नावांचा आहे. मनोविकारतज्ज्ञ हा एम्. बी. बी. एस्. होऊन पुढे मनोविकारशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. तो औषध लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ हा डॉक्टर नव्हे. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, मार्गदर्शन करतो. औषध देण्याचा अधिकार त्याला नाही. आपल्या मुलीस डॉक्टर करावयाचे म्हणून एम्. ए. ला घालणारे एक गृहस्थ आम्हांस भेटले होते. मुलगी शहाणी होती. तिने आधीच सर्व वाचलेले होते. वडिलांचा हिरमोड होऊ नये म्हणून ती गप्प राहिली होती.

असो. आमची पुतणी बारावी झाली ते साल २०१४. बी. ए. ला मानसशास्त्र हा विषय असलेले महाविद्यालय घरापासून लांब होते. रोज राजूरचा घाट चढून जाणेही जमण्यासारखे नव्हते, कारण त्याही पलीकडे जावे लागले असते. घरात चर्चा झाली आणि शिकलेला माणूस म्हणून अखेरचा शब्द आमचा झाला. आम्ही म्हणालो, "विषय कोणताही घे. बी. ए. पदवी महत्त्वाची. एम्. ए. ला विषय बदलता येतो." हे आम्हांस कोणी सांगितले होते? कोणीही नाही. आम्ही ते गृहीत धरले होते. तिने मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र घेतले, प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली, आणि २०१७ साली आम्ही दोघे एका विद्यापीठात प्रवेशासाठी गेलो. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी गुणपत्रिका पाहून अगदी सौजन्याने विचारले, "मानसशास्त्र कोणत्या वर्षाला होते?" पुतणीने आमच्याकडे पाहिले नाही. ते पाहिले असते तर बरे झाले असते, असे आम्हांस आजही वाटते.

तेव्हा पहिली अट हीच. मानसशास्त्राच्या एम्. ए. चा प्रवेश पदवीच्या शेवटी सुरू होत नाही, तो बारावीनंतरच्या जून महिन्यात सुरू होतो. कित्येक विद्यापीठे पदवीला मानसशास्त्र हा विषय असलेल्यांनाच घेतात किंवा त्यांना अग्रक्रम देतात. इतर विषयांच्या पदवीधरांसाठी दार अगदीच बंद आहे असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला त्यात, पदवीचा विषय कोणताही असला तरी त्या विषयाची राष्ट्रीय अथवा विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन दुसऱ्या विषयात एम्. ए. करता येईल, अशी सवलत आहे. परंतु आयोगाने सवलत दिली म्हणजे प्रत्येक विद्यापीठाने आपल्या नियमपुस्तकात ती जशीच्या तशी उतरविली, असे समजू नये. शिवाय, ज्या मुलीने तीन वर्षे हा विषय वाचला आहे तिच्याशी स्पर्धा करावयाची असते, हे विसरून चालणार नाही.

आपल्या विभागातील बहुतेक महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण पदवीला लागू झाले आहे. त्यात एक मुख्य विषय व एक दुय्यम विषय असतो. विद्यार्थी त्यांस मेजर व मायनर म्हणतात. मानसशास्त्र मुख्य मिळाले तर उत्तम. मिळत नसेल तर निदान दुय्यम म्हणून घ्यावे आणि एम्. ए. साठी ज्या विद्यापीठावर नजर आहे तेथे ते चालेल काय, हे पहिल्याच वर्षी विचारून ठेवावे. तीन वर्षांची पदवी घेतल्यास एम्. ए. दोन वर्षांचे, आणि चौथे वर्ष करून ऑनर्स घेतल्यास एम्. ए. एका वर्षाचे, अशी नवी रचना आहे. चौथे वर्ष कोठे करावयाचे हा प्रश्न खेड्यातील मुलांसाठी सोपा नाही, कारण ते सर्व महाविद्यालयांत असेलच असे नाही.

गुणांची अट विद्यापीठागणिक निराळी असते; काही ठिकाणी पदवी उत्तीर्ण असणे पुरते, काही ठिकाणी ५० टक्के वा त्याहून अधिक मागतात, आणि आरक्षित प्रवर्गांस थोडी सूट असते. आमचे सांगणे असे की, ५५ टक्क्यांचा आकडा घरातील भिंतीवर लिहून ठेवावा. महाविद्यालयात प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट परीक्षा द्यावी लागते, तिला एम्. ए. चे ५५ टक्के लागतात. आरक्षित प्रवर्गास ५० टक्के. रुग्णालयीन प्रशिक्षणासाठीही तोच आकडा चालत आलेला आहे. म्हणजे एम्. ए. नुसते उत्तीर्ण होऊन पुढचे एकही दार उघडत नाही.

प्रवेशाच्या वाटा दोन. एक, आपल्या राज्यातील विद्यापीठांची. आपला जिल्हा पूर्वी नागपूर विद्यापीठाकडे होता. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर तो तिकडे आला. या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांपैकी हा विषय पदव्युत्तर वर्गास कोठे चालतो, हे दर वर्षी विद्यापीठाच्या यादीत पाहावे, कारण वर्ग उघडतात तसे बंदही पडतात. पुण्यामुंबईच्या विद्यापीठांचे विभाग आपापल्या पद्धतीने प्रवेश देतात आणि पुण्यास प्रवेशपरीक्षा असते. दुसरी वाट केंद्रीय विद्यापीठांची. त्यासाठी २०२२ पासून सीयूईटी-पीजी नावाची एकच परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी तिच्या गुणांवर प्रवेश होतो. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही १९३६ सालची. तीही आता या परीक्षेचे गुण धरते. परीक्षा संगणकावर, पर्यायी उत्तरांची, ७५ प्रश्नांची असते. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो.

येथे वेळेची गोष्ट लक्षात घ्यावी. ही परीक्षा मार्चच्या सुमारास होते आणि तिचे अर्ज थंडीत भरले जातात. म्हणजे आपल्याकडे कपाशीची वेचणी चालू असते, मजुरांची ओढाताण असते, आणि घरातील एकमेव मोबाइल बापाच्या खिशात शेतावर गेलेला असतो, तेव्हा. बी. ए. चा निकाल लागला, पेढे वाटले, मग जूनमध्ये चौकशी सुरू केली, असे करणाऱ्याची ती वाट तोपर्यंत बंद झालेली असते. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेल्या पालकांपैकी निम्म्याहून अधिक जुलैत आले.

कागदपत्रांविषयी थोडे. पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठात जावयाचे तर मायग्रेशनचा दाखला, मध्ये वर्ष गेले असल्यास त्याविषयीचे प्रतिज्ञापत्र, आणि राखीव जागेवर दावा असेल तर जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र व लागू असेल तेथे चालू मुदतीचे नॉन-क्रिमीलेअर. या शेवटच्या कागदाची मुदत संपलेली असते, आणि ही गोष्ट अर्ज भरण्याच्या दिवशी रात्री कळते. तहसील आपल्या गावातच आहे. उन्हाळ्यात जाऊन या.

आता प्रवेश मिळाल्यावर काय. आपल्या राज्यातील नव्या रचनेत दोन वर्षांचे एम्. ए. ८८ श्रेयांकांचे आहे; प्रत्येक सत्रास २२ श्रेयांक. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास. पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचे ४ श्रेयांक, दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचे वा क्षेत्रकार्याचे ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात ६. बेरीज करून पाहा : ८८ पैकी १८ श्रेयांक असे आहेत की, जे पुस्तक पाठ करून मिळत नाहीत. एका वर्षानंतर थांबावे लागले तर ४४ श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका मिळते, ही सोय मुलीचे लग्न ठरवू पाहणाऱ्या घरांनी फार मनावर न घेतलेली बरी.

या विषयात गणित नसते असे समजून मुले येतात. येथे संख्याशास्त्र असते. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध यांच्याशिवाय एकही चाचणी समजत नाही आणि एकही प्रकल्प पुरा होत नाही. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्या मुलीने पदवीच्या काळातच आठवड्याचे दोन तास याला द्यावेत. कोणताही गणिताचा शिक्षक तिला तेवढे शिकवू शकेल. आपल्या मंडळात असे निवृत्त शिक्षक चार तरी आहेत, आणि त्यांच्यापैकी दोन समोर बसले आहेत.

याखेरीज प्रयोग व चाचण्या. बुद्धिमापन चाचणी म्हणजे काय, हे आम्ही पुतणीच्या पुस्तकातून वाचले आणि त्यात एक गोष्ट वाचून आम्हांस मोठा आनंद झाला. फ्रान्समधील बिने यांनी मुलांची बुद्धी मोजण्यासाठी केलेली चाचणी धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी बेतून घेतली. त्यांचे त्यावरील पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. ती बिने-कामत चाचणी आपल्या देशातील दवाखान्यांत पुढे पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. परक्या भाषेतील प्रश्न जसाच्या तसा विचारून मराठी मुलाला मंद ठरविणे हा अन्याय आहे, हे ओळखणारा माणूस आपल्याच शेजारच्या मुलुखातला होता. वर्गातील कित्येक मुलांच्या कपाळी आम्ही 'ढ' हे अक्षर कोणतीही चाचणी न घेता लिहून मोकळे झालो, त्यांची आठवण हे वाचताना झाली. तो विषय आमच्यापुरता ठेवतो.

भाषेचा प्रश्न खरा आहे. उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा काही विद्यापीठांत असते. तरी चांगली पुस्तके आणि बहुतेक शोधनिबंध इंग्रजीत आहेत. आमच्या पुतणीने पहिले इंग्रजी पाठ्यपुस्तक शब्दकोश घेऊन वाचले तेव्हा एका पानास एक संध्याकाळ लागे. सहा महिन्यांनी एका संध्याकाळी दहा पाने होऊ लागली. त्यात चमत्कार काही नाही.

आता ज्या गोष्टीविषयी आम्हांस सर्वांत कळकळीने सांगावयाचे आहे तिच्याकडे येतो. २०१७ साली नकार मिळाल्यावर आम्ही पुन्हा एकदा शहाणपणा केला. घरी बसून पत्रद्वारा एम्. ए. करता येते, कोणत्याही विषयाच्या पदवीधराला प्रवेश आहे, खर्च थोडा, मुलगी डोळ्यांसमोर, असे सर्व लाभ आम्ही बंधूंना मोजून दाखविले. तिने तसे केले आणि चांगल्या गुणांनी केले. पुढे रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी अर्ज करावयाचा म्हणून तिने एका संस्थेची जाहिरात मिळविली. तीत 'नियमित अभ्यासक्रमाने' असे दोन शब्द होते. त्या दोन शब्दांपुढे तिची दोन वर्षे अडली. तिची पदवी खोटी नाही, तिचा अभ्यास खोटा नाही. परंतु ज्या कामासाठी तिने तो केला होता ते काम तिला मिळाले नाही. ती आज एका शाळेत नोकरी करते. आम्हांस तिने कधी बोल लावला नाही.

ही आमची कथा जुनी झाली, कारण आता तर ते दारही उरलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली असा निर्णय केला की, आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत. त्यांत मानसशास्त्राचे नाव स्पष्ट आहे, आणि जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून तसे नवे प्रवेश देऊ नयेत असे विद्यापीठांना कळविले. या निर्णयाचा आधार २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा. तेव्हा कोणी दलाल मोताळ्याच्या बसस्थानकावर येऊन, अमुक राज्यातील तमुक विद्यापीठाची मानसशास्त्राची एम्. ए. घरबसल्या मिळवून देतो, वर्गात जावे लागत नाही, असे सांगू लागला तर त्याला पैसे देऊ नका. तो देईल तो कागद भिंतीवर लावण्यास चालेल.

हा निर्णय आपल्यासारख्या खेड्यांतील मुलींवर जाचक आहे, असे आम्हांस प्रथम वाटले. वर्गात जाणे म्हणजे शहरात राहणे, वसतिगृह, खाणावळ, मलकापूरहून रेल्वेने जाणेयेणे. ज्यांना हे झेपत नाही त्यांचे काय, हा प्रश्न आयोगाने सोडविलेला नाही आणि त्याबद्दल आमची तक्रार कायम आहे. पण पुतणी म्हणाली, "मोठेबाबा, समोर माणूस बसवून बोलायला मी पत्राने कशी शिकणार होते?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

एम्. ए. झाल्यावर पुढे काय, हे आता सांगतो. यातच बहुतेकांची फसगत होते. एम्. ए. झालेला मनुष्य स्वतःला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्यास लोक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात तो, म्हणवून घेऊ शकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याची व्याख्या दिली आहे : भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली त्या विषयातील अर्हता, अथवा एम्. ए. नंतर दोन वर्षे पूर्णवेळ, देखरेखीखालील रुग्णालयीन प्रशिक्षणासह केलेली एम्. फिल्. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते आणि तिच्याकडे नावनोंदणी करावी लागते. बंगळूरची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोरुग्ण संस्था ही या शिक्षणाची जुनी व नावाजलेली ठिकाणे. जागा मोजक्या, आणि इच्छुक देशभरातले.

या एम्. फिल्. चेही दिवस भरत आले. आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम्. फिल्. ही पदवीच बंद केली. चिकित्सा-मानसशास्त्रापुरती मुदत वाढवून ती २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत चालू ठेवली. तिच्या जागी परिषदेने २०२४ पासून चिकित्सा-मानसशास्त्राचे नवे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणून ज्या मुलाला रुग्णालयातच काम करावयाचे आहे, त्याने साधे मानसशास्त्राचे एम्. ए. घ्यावे की परिषदेची मान्यता असलेले चिकित्सा-मानसशास्त्राचे एम्. ए. घ्यावे, हे आधी ठरवावे. दोन्ही नावे सारखी दिसतात. संस्थेच्या माहितीपुस्तकात परिषदेच्या मान्यतेचा उल्लेख आहे काय आणि ती मान्यता चालू वर्षाची आहे काय, हे परिषदेच्या यादीशी ताडून पाहावे. एका शब्दाचा फरक पुढे किती वर्षांचा होतो, हे आमच्या घराने पाहिले आहे.

रुग्णालयाखेरीज कामे नाहीत असे नव्हे. शाळा-महाविद्यालयांत समुपदेशक, कारखान्यांत व कंपन्यांत मनुष्यबळ विभाग, बालकल्याणाच्या संस्था, स्पर्धापरीक्षा आणि अध्यापन. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम् येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. त्याप्रमाणे सर्वत्र नेमणुका होतीलच असे आम्ही म्हणत नाही. आम्ही जिल्हा परिषदेत नोकरी केली आहे. परंतु नेमावयाचे ठरले तर माणसे कोठून आणणार? २०१५-१६ साली बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांपैकी दहा-अकरांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि विकारपरत्वे त्यांतील ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञही असावा, असा नियम आहे. माणूसच मिळाला नाही तर कागदावर मंजूर झालेली जागा रिकामीच राहते.

जाता जाता सांगतो : ज्यांच्या घरात आज कोणी असे गप्प झालेले आहे त्यांनी एम्. ए. होणाऱ्या मुलीची वाट पाहू नये. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस नावाची दूरध्वनी सेवा चालविली आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक आम्ही २००७ साली काहीही करून मिळविला असता; तेव्हा तो नव्हता.

एका आक्षेपाचे उत्तर देऊन थांबतो. "मुलगी वेड्यांच्यात राहील, मग तिला स्थळ कोठून यावे?" असे आमच्या तोंडावर म्हणणारे या सभागृहात आहेत. नाव घेत नाही. त्यांच्या घरी आम्ही परवाच चहा घेतला. त्यांना आमचे इतकेच विचारणे आहे की, परिचारिका झालेल्या मुलींविषयी आपल्या वडिलांच्या पिढीने अगदी हेच शब्द वापरले होते की नाही? आज त्याच मुलींची स्थळे कोणी आधी सांगून येतात, हे मंडळाच्या वधूवर सूचीत पाहावे.

यंदा आपल्या मंडळातील दोन मुलींनी आणि एका मुलाने बी. ए. ला मानसशास्त्र घेतले आहे. त्यांच्यापैकी एक मुलगी धामणगाव बढ्याकडची आहे. तिच्या वडिलांची चार एकर जिराईत आहे. तिला येत्या थंडीत प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरावयाचा आहे. अर्जाची फी, परीक्षेच्या गावी जाण्याचा खर्च आणि पहिल्या वर्षाची खाणावळ एवढे मंडळाच्या शिक्षणनिधीतून द्यावे, असा ठराव कार्यकारी मंडळापुढे आम्ही मांडला आहे. तो संमत व्हावा, यासाठी सभासदांनी आपापल्या परीने बोलावे. निधीत कमी पडत असेल ते आमच्या निवृत्तिवेतनातून घालण्याचे आम्ही लेखी दिले आहे.

आमची पुतणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत बसते. निरनिराळ्या विद्यापीठांची माहितीपुस्तके, अर्जांच्या तारखा आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी तिने एका वहीत उतरून ठेवली आहे आणि ती दर वर्षी नव्याने लिहिते. बारावीचा मुलगा असो वा बी. ए. ची मुलगी, पालकांनी सोबत घेऊन यावे. येताना गुणपत्रिकांच्या झेरॉक्स प्रती आणाव्यात, मूळ कागद घरीच ठेवावेत. आम्हीही तेथे असतो. पण सल्ला तिलाच विचारावा.